टायरेलचा गुडघा आणि माझा कॉमेंटचा रकाना

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचं काम फार थोडं असतं, हे मला नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. तोवर मी इचलकरंजीला फोनवर सगळ्यांना सांगत होते, की मुलं चेंडूला लाथा मारतात आणि मी त्यांचे कपडे धुते. त्यातलं निम्मं चूक होतं. कपडे मात्र मी खरंच धूत होते.

नेपरव्हिलला मुलीकडे राहायला आल्यापासून मंडळात कोणी ना कोणी विचारतंच, "काकू, तुम्ही नेमकं काय करत होतात हो तिथे?" एकीनं तर मी कोच होते असं परस्पर सांगूनही टाकलं. दिवाळी अंकाला दरवर्षी मी पाककृती देते. या वर्षी म्हटलं, चकलीला विश्रांती देऊ आणि हे एकदाचं सांगून टाकू.

इथून अडीच तासांवर, मक्याच्या शेतांच्या मधोमध एक कॉलेज आहे. नाव सांगत नाही. आमचे हे तिथे केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होते. माझी जेमतेम बारावी झालेली. मुलगी शाळेत जायला लागली तसं घर अंगावर यायला लागलं, म्हणून मी फुटबॉल टीमच्या लाँड्रीत लागले. लाँड्रीच्या शेजारी व्हिडिओची खोली होती. एका शनिवारी त्यांचा एक माणूस आला नाही आणि मला म्हणाले, "सुधा, हा कॅमेरा नुसता धरून उभी राहशील का?" ते धरणं जे सुरू झालं ते लाँड्री सांभाळून एकवीस वर्षं चाललं. कॉम्प्युटर मी बघून बघून शिकले. एक दोनशे पानी वही केली होती. तिच्यात गोल म्हणजे आमची मुलं, फुली म्हणजे त्यांची. ह्यांनी एकदा उघडून पाहिली आणि म्हणाले, "ही रांगोळी आहे की काय?"

काम असं की मॅचचा प्रत्येक प्ले, म्हणजे चेंडू सुरू झाल्यापासून शिट्टी वाजेपर्यंतचे पाच-सहा सेकंद, दोन कॅमेऱ्यांतून घ्यायचे. एक उंचावरून, एक मैदानाच्या टोकामागून. रविवारी सकाळी बसून त्यांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यापुढे रकाने भरायचे. कितवा प्रयत्न, किती यार्ड हवे होते, किती मिळाले, मैदानावर कोण होतं. कोच तेच बघून पुढच्या शनिवारची तयारी करतात.

खेळ मी तुम्हाला शिकवत नाही, घाबरू नका. एवढंच ध्यानात घ्या, की अकरांतले पाच जाडजूड पुढे भिंत करून उभे असतात. त्यांच्यामागे क्वार्टरबॅक, तो चेंडू फेकतो किंवा कोणाच्या तरी हातात देतो. उरलेले पाच कोण, ते कोच दर प्लेला ठरवतो. काही नुसते पळणारे, काही झेलणारे, आणि एक जात असते टाइट एंड म्हणून, अर्धा भिंतीतला, अर्धा झेलणाऱ्यांतला. त्याचा आम्ही आकडा लिहितो. 'अकरा' म्हणजे एक पळणारा, एक टाइट एंड. 'बारा' म्हणजे एक पळणारा, दोन टाइट एंड. मला वाटायचं कोच मनात येईल तो आकडा लावतो. मग हळूहळू कळलं, आकडा कोचच्या मनात नसतो, त्याच्या बाकावर असतो. घरात बटाटेच असले की पाहुण्यांना काय करू असं विचारण्यात काही अर्थ नाही.

खोलीत गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एक मुलगा डोनटचा खोका घेऊन आला. त्याच्या हातून चेंडू सुटलेला. "मिस सुधा, तो एक प्ले चुकून हरवू शकतो का?"

"हरवेल की. पण कोचच्या डोक्यातून कसा काढू रे?"

त्यानं खोका उचलला आणि निघाला. मी म्हटलं, "डोनट ठेव, प्रयत्न केल्याचे." एक आई दर रविवारी फोन करायची. मुलगा चार वर्षं बाकावर बसून होता. "तो कुठे दिसला का हो?" मग मी उंचावरच्या कॅमेऱ्यातून त्याचे टाळ्या वाजवतानाचे तुकडे शोधून तिला जोडून पाठवले. तिला तेवढंही पुष्कळ होतं.

पण लिहायला बसले ती टायरेलसाठी. तेच लिहायचं टाळत इथवर आले.

त्या वर्षी आमच्याकडे माणसंच नव्हती. म्हणजे कपडे धुवायला ढीगभर होती. पण सगळ्यांत वेगानं पळणारा मुलगा उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात गेला, हल्ली जाता येतं. दोन टाइट एंडपैकी एकाचा खांदा ऑगस्टमध्येच निखळला. आणि भिंतीच्या डाव्या टोकाचा राखीव मुलगा घोटा मोडून बसला. म्हणजे डाव्या टोकाला एकटा टायरेल उरला.

डावं टोक का महत्त्वाचं, ते सांगते. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असला की फेकायला वळताना त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून कोण धावत येतंय ते त्याला दिसतच नाही. त्या बाजूला उभा असतो लेफ्ट टॅकल. तो हलला की मागच्याची पाठ उघडी.

आणि मागचा कोण, तर कोडी. चणीनं बारीक, गालावर पुटकुळ्या, मला दारातून वाकून 'गुड मॉर्निंग' म्हणणारा. आदल्या वर्षी त्याच्या डोक्याला मार बसला होता. दोन आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असा आणखी एक बसला तर खेळ विसरायचा, आणि खेळाचं सोडा, पुढचंही सांगता येत नाही. टायरेल त्याचा रूममेट. हा एवढा दाराएवढा मुलगा, माझे शंकरपाळे मूठभर तोंडात टाकून म्हणायचा, "मिस सुधा, हे डायमंड कोडीला दाखवू नका, तो सगळे खाईल." आणि जाताना निम्मे त्याच्यासाठी रुमालात बांधून न्यायचा.

ऑफेन्सचे, म्हणजे चेंडू आपल्याकडे असतानाच्या खेळाचे, कोच व्हर्नन दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळायचे. त्यांची प्लेची वही डिक्शनरीएवढी होती. सप्टेंबरात त्यांनी माझ्यासमोर पानं मारायला घेतली. पळणारा गेला, म्हणून लांबचे प्ले गेले. दुसरा टाइट एंड गेला, म्हणून 'बारा'ची पानं गेली. मला म्हणाले, "सुधा, आपली सगळी वही आता त्या एका मुलाला टेकून उभी आहे. टायरेल तीन सेकंद धरतो, म्हणून कोडी फेकतो. टायरेल नाही, तर वही नाही."

हे मी ऐकलं ते पक्कं डोक्यात बसलं. फारच पक्कं.

आता माझी एक सवय. रकान्यांच्या शेवटी 'कॉमेंट' म्हणून एक रकाना असतो. तो कोणी भरत नाही. माझं इंग्रजी स्पेलिंग कच्चं, म्हणून मी तिथे आपल्यापुरतं मराठीत लिहायचे, अक्षरं इंग्रजी पण शब्द आपले. 'कोडी घाबरलाय.' 'हा नुसता उभा आहे, लाज नाही.' मन मोकळं व्हायचं आणि कोणाला कळायचंही नाही.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी लिहिलं, 'टायरेल डावा गुडघा वाचवतोय.' पडल्यावर सगळे जसे उठतात तसा तो उठत नव्हता. आधी उजवा पाय रोवायचा, मांडीवर हात दाबायचा, मग वर. दोन सेकंदांचं काम. मैदानावर कोणाचं लक्ष जाणार नाही. पण मी एकेक तुकडा दहा वेळा पुढे-मागे करते. पुढच्या रविवारी लिहिलं, 'गुडघा जास्त.' त्यात आणखी एक दिसलं, की कोडी फेकणार असला की हा आधीच किंचित मागे बसतो, मागे सरकताना गुडघ्यावर कमी यावं म्हणून. ते लिहिलं, 'मागे बसला की पास.' तिसऱ्या रविवारी नुसतं लिहिलं, 'अरे देवा, हे पोर.'

ह्यांना मी सांगितलं. हे पेपर खाली न घेता म्हणाले, "मग कोचला सांग."

"मुलांची दुखणी बघायला ट्रेनर आहेत, डॉक्टर आहेत. मी कोण सांगणारी?"

"तू बघणारी," हे म्हणाले. मला राग आला. मी भांडी जोरात आपटली, पण गेले नाही. मधल्या एका दिवशी टायरेल मोजे घ्यायला आला तेव्हा मी विचारलं, "पाय बरा आहे ना रे?" त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. त्याला कळलं की मला कळलंय. म्हणाला, "उत्तम आहे, मिस सुधा." आणि मी मान डोलावली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी खेळायचं, त्यांना आपल्या मागच्या मॅचेसची फिल्म पाठवायची आणि त्यांची आपण घ्यायची. ठरलेली देवाणघेवाण. पण चित्र तेवढं पाठवायचं, आपले रकाने नाही. पाठवताना रकान्यांपुढची एक खूण काढून टाकायची असते. एकवीस वर्षांत मी ती कधी विसरले नव्हते. त्या तिसऱ्या रविवारी, डोळ्यांपुढे तो गुडघा असताना, विसरले. तिन्ही मॅचेस रकान्यांसकट गेल्या.

सोमवारी सकाळी त्यांच्या व्हिडिओवाल्याचा फोन. भला माणूस, वर्षानुवर्षांची ओळख. हसत होता. "सुधा, फिल्म आली, थँक्यू. पण त्या शेवटच्या रकान्यात काय आहे ग? आमच्या कोचना वाटतंय तुमची गुप्त लिपी."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "काय आलंय?"

"सगळंच आलंय. मी माझ्याकडचं पुसलं, शपथ. पण कोचनी तोवर आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. कोड आहे का?"

"माझी घरची भाषा आहे."

"अच्छा! मग आमच्याकडे इंजिनियरिंगला भरपूर इंडियन मुलं आहेत, विचारू का कोणाला?" तो गंमत करत होता. मला मात्र गंमत सुचेना. कारण ती मुलं मला माहीत होती. त्यातल्या दोघांनी आदल्या दिवाळीत माझ्या टेबलाशी बसून पुरणपोळी खाल्ली होती, एक नागपूरचा, एक साताऱ्याचा. कॅन्टीनमध्ये कोणी कागद पुढे केला असता तर त्यांनी भोळेपणानं वाचूनही दाखवला असता. 'मागे बसला की पास.' चार शब्द. म्हणजे त्यांच्या टोकाला समोर उभ्या राहणाऱ्या धिप्पाड पोरानं टायरेलचं बूड बघायचं आणि बेफाम सुटायचं. आणि मागे कोडी, पाठ फिरवून.

मुलीला फोन लावला. ती ऑफिसात. "आई, रिलॅक्स. जस्ट टेल द कोच. इट्स अ मिस्टेक, पीपल मेक मिस्टेक्स."

"अगं, कुणाचं तरी डोकं फुटेल!"

"देन व्हाय आर यू टॉकिंग टू मी?"

खरंच होतं. मी गेले. लाँड्रीपासून कोचच्या खोलीपर्यंत चाळीस पावलं असतील. मी तीनदा थांबले.

कोच व्हर्नन सँडविच खात होते. मी झालेलं सांगितलं. ते चिडले, पण आवरलं त्यांनी. "ठीक आहे. काय लिहिलंय त्यात? एकेक वाचून सांग."

आणि तिथे माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलेय. चूक कबूल करायला आले होते, पण रकाना वाचायचा म्हणजे गुडघा सांगायचा. टायरेलनं जे लपवलं, मी जे लपवायला मदत केली, ते सगळं तारीखवार माझ्याच हातचं लिहिलेलं.

मी वाचत गेले. पहिल्या मॅचचं वाचलं, सँडविच खाली गेलं. दुसऱ्या मॅचचं वाचलं, ते उठून पडद्याजवळ आले. "लाव तो प्ले." लावला. "पुन्हा." पुन्हा लावला. टायरेल पडला, उजवा पाय रोवला, मांडीवर हात.

"आणि तिसऱ्या मॅचला?"

"'अरे देवा, हे पोर.'" मी इंग्रजीत कसंबसं सांगितलं.

कोच पडद्यापासून वळले. मग म्हणाले, "सुधा, हे तुला तीन मॅचपासून माहीत होतं?"

मी म्हटलं, "ते माझं काम नव्हतं, कोच."

ते म्हणाले, "नाही. माझं होतं." आणि फोन उचलून ट्रेनरला बोलावलं.

टायरेलला त्याच दुपारी बसवलं. तो आधी भांडला, मग रडला, असं मला नंतर कळलं. माझ्या खोलीसमोरून गेला तेव्हा त्यानं आत बघितलं नाही.

मग वहीचं काय झालं ते सांगते. उजव्या बाजूचा एक मुलगा डावीकडे आणला. तो बुटका, हात आखूड. त्याला एकट्याला झेपणार नाही म्हणून आमचा उरलेला एकुलता टाइट एंड त्याच्या शेजारी मदतीला उभा केला. म्हणजे झेलणारा एक कमी झाला. झेलणारा कमी, म्हणून समोरचे दोघे मोकळे झाले, ते पुढे येऊन उभे राहणार. म्हणून पळण्यालाही जागा नाही. एक गुडघा काढला आणि पार टोकाच्या पोरापर्यंत सगळं उसवत गेलं. शुक्रवारी कोचच्या हातात एक कागद उरला होता, पुढून-मागून लिहिलेला. त्यात एकच हुकूम होता. कोडीनं चेंडू हातात आला की 'एक, दोन' म्हणेपर्यंत फेकून मोकळं व्हायचं. यार्ड मिळो न मिळो.

शनिवारी मी वर कॅमेऱ्यामागे. तिथला नियम असा, की चेंडूच्या मागे जायचं नाही, एका माणसावर जायचं नाही, सगळे बावीस दिसले पाहिजेत. चेंडू सुटला की मी मनात मोजायचे, एक, दोन, आणि कोडी जमिनीवर दिसला की पुढेही मोजतच राहायचे. मग तो उठायचा, गवत झटकायचा. पुन्हा रांग. त्यांच्या त्या टोकाच्या पोरानं त्याला किती वेळा आडवा केला याची मोजदाद मी करू शकले असते, कारण मोजणं हेच माझं काम. केली नाही. एकदा तो उठायला वेळ लावत होता. ट्रेनर दोन पावलं मैदानात आला. मी काही कळायच्या आत झूम केलं, नुसत्या कोडीवर. पडद्यावर त्याचा चेहरा आला, डोळे उघडे. त्यानं हेल्मेट सारखं केलं आणि उठला.

आम्ही हरलो, चांगलेच हरलो. तो प्ले रविवारी कोचना काही कामाचा नव्हता, बाकीचे एकवीस त्यात नव्हतेच. त्यांनी काही विचारलं नाही. कोडी चालत बसमध्ये चढला होता, आणि त्या दिवशी मला आणि कोचना, दोघांनाही तेवढंच हवं होतं.

त्या लोकांनी माझा रकाना वाचून घेतला होता का, ते मला आजतागायत माहीत नाही. नागपूरच्या मुलाला विचारायचं धाडस झालं नाही.

टायरेलच्या गुडघ्यातली कूर्चा फाटली होती. ऑपरेशन झालं. चालेल, जिने चढेल, खेळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्याच आठवड्यात थांबला असता तर? कोचनी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, कदाचित. कदाचित नाही. हे 'कदाचित' मी पुढे रोज लाँड्रीत, गाडीत, पोळ्या लाटताना उलटंपालटं करत राहिले.

मार्चमध्ये तो माझ्या खोलीत आला. कुबड्या दाराला टेकवल्या. जरा वाळला होता. मी घाईघाईनं खुर्ची पुढे केली.

"मिस सुधा, तुम्हाला पहिल्यांदा कुठे दिसलं ते दाखवाल?"

मी लावलं. ऑक्टोबर, तिसरा प्रयत्न, सात यार्ड. तो पडला, उजवा पाय रोवला. त्यानं थांबव म्हटलं नाही. पाहून झाल्यावर म्हणाला, "त्या दिवशी मोजे न्यायला आलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग का नाही बोललात?"

कोचला दिलेलं उत्तर तयार होतं. ह्यांनाही तेच दिलं होतं, मुलीलाही. पण पोर समोर बसलं होतं, गुडघा लांब करून. मी म्हटलं, "टायरेल, तू गेलास तर वहीतलं काय काय जाईल ते मला पान न् पान माहीत होतं. कोडीची पाठ उघडी पडेल, ही काळजी होतीच. पण तेवढंच नव्हतं. आपण तेव्हा तीन मॅच ओळीनं जिंकलो होतो. मला चौथी हवी होती."



"मलाही," तो म्हणाला.

मग त्यानं माझ्या हाताखालचा माऊस स्वतःकडे घेतला आणि पुढचा प्ले लावला. मग त्याच्या पुढचा. तिन्ही मॅचेस त्यानं पाहिल्या, एकही तुकडा न गाळता. लाँड्रीतलं मशीन थांबून शिट्टी देत होतं, ओले कपडे आत तसेच होते. मी उठले नाही. खुर्ची जवळ ओढली आणि त्याच्याबरोबर शेवटपर्यंत बघत बसले.